निकालपत्रातलं कोणतं वाक्य कशाचा पुरावा? नर्मदा खटला वर्गात वाचताना

वर्गात एखाद्या गाजलेल्या घटनात्मक खटल्यावर चर्चा ठेवली की दहातल्या आठ वेळा केशवानंद भारती निघतो. १९७३ साल, तेरा न्यायमूर्ती, सात विरुद्ध सहा, मूलभूत संरचना. सेट-नेटच्या पुस्तकातून आलेली ही चार टिपणं सगळ्यांकडे असतात, त्यामुळे वीस मिनिटांत सगळ्यांचं बोलून होतं आणि उरलेल्या वेळात हजेरी. खटला थोरच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण त्या चर्चेत कुणालाच काही शोधावं लागत नाही, आणि जिथे शोधायचं काही नाही तिथे संशोधनाची सवय लागत नाही.

शहादा-लोणखेड्याकडच्या विद्यार्थ्यांना मी म्हणून दुसरा खटला सुचवते: नर्मदा बचाओ आंदोलन विरुद्ध भारत सरकार, निकाल १८ ऑक्टोबर २०००. सर्वोच्च न्यायालयाच्या निवडक घटनात्मक निकालांमध्ये तो जगभर शिकवला जातो, आणि त्यातली माणसं तुमच्या एसटीत बसतात. सरदार सरोवरात महाराष्ट्राची ३३ गावं गेली, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. त्यातल्या अनेकांचं पुनर्वसन तळोदा आणि शहादा तालुक्यांत झालं: सोमावल, रोझवा, रेवानगर, नर्मदानगर, इकडे वडछील. निकालपत्र दिल्लीत लिहिलं गेलं, पण ते खरं ठरलं की नाही हे तपासायला दिल्लीला जावं लागत नाही.

गेल्या सत्रात लोणखेड्याला पदव्युत्तर वर्गातल्या मुलामुलींबरोबर तीन तासिकांत आम्ही हा निकाल वाचला आणि त्यावर वाद घातला. माझं पीएच.डी.चं काम पुनर्वसनाच्या कागदपत्रांवर आहे, त्यामुळे विषय माझ्या सोयीचा होता हे मान्य. पण इथे मला सांगायचंय ते धरणाबद्दल नाही. निकालपत्र हे संशोधकासाठी नेमकं कशाचा पुरावा असतं, याबद्दल आहे. ते एकदा नीट कळलं की कुठलाही खटला वाचता येतो.

आधी प्रश्न लिहा, मग बाजू घ्या

पहिल्या तासिकेला मी एकच काम दिलं: न्यायालयासमोर प्रश्न काय होता, ते एका वाक्यात चिठ्ठीवर लिहा. बहुतेक चिठ्ठ्यांवर एकच वाक्य आलं, 'सरदार सरोवर धरण व्हावं की नाही?'

हा प्रश्न रस्त्यावरचा आहे, वर्तमानपत्रातला आहे, आणि महत्त्वाचाही आहे. पण बहुमताच्या निकालाने तो प्रश्न आपल्यासमोर घेतलाच नाही. कसा टाळला ते बघा. १९६९ साली नर्मदा पाणी तंटा लवाद नेमला गेला, १९७९ मध्ये त्याचा निवाडा आला आणि धरणाची उंची ४५५ फूट, म्हणजे १३८.६८ मीटर ठरली. १९८७ मध्ये केंद्राने पर्यावरणविषयक मंजुरी दिली. आंदोलनाची याचिका आली १९९४ मध्ये, राज्यघटनेच्या अनुच्छेद ३२ खाली. बहुमताचं म्हणणं असं, की लवादाचा निवाडा राज्यांवर बंधनकारक आहे, तो या याचिकेत उकरून काढता येणार नाही. आणि प्रकल्पालाच हरकत घ्यायची तर काम सुरू होऊन एवढा पैसा खर्च झाल्यावर नाही, आधी यायला हवं होतं. उशिरा येणाऱ्याचं म्हणणं न ऐकण्याचं हे तत्त्व कायद्यात जुनं आहे. पण इथे त्याचा परिणाम मोठा झाला. 'धरण हवं का' हा प्रश्न दारातच अडवला गेला, आणि आत आला तो एवढाच: विस्थापितांचं पुनर्वसन निवाड्याप्रमाणे होतंय का, आणि पर्यावरणाची काळजी घेतली जातेय का?

म्हणून वर्गात 'न्यायालयाने धरणाच्या बाजूने निकाल दिला' असं कुणी म्हटलं की मी थांबवते. काम पुढे न्यायला परवानगी दिली, हे खरं. १९९५ पासून बांधकाम ८० मीटरच्या आसपास अडलेलं होतं, फेब्रुवारी १९९९ च्या अंतरिम आदेशाने ते ८५ मीटरपर्यंत गेलं, आणि अंतिम निकालाने ९० मीटरपर्यंत लगेच आणि पुढे टप्प्याटप्प्याने वाढवायची मुभा दिली. पुढची उंची पुनर्वसनाच्या बरोबरीने वाढवायची, दर टप्प्याला संबंधित उपगटांची मंजुरी घ्यायची, अशा अटींसह. हा आदेश झाला. त्यामागचं कारण वेगळं, आणि धरण चांगलं की वाईट हे मत त्याहून वेगळं. तिन्ही एकाच वाक्यात कोंबली की चर्चा संपते आणि भांडण सुरू होतं.

भिन्नमत वाचल्याशिवाय खटला वाचला असं म्हणू नका

खंडपीठ तिघांचं होतं. सरन्यायाधीश आनंद, न्या. भरुचा आणि न्या. किरपाल. बहुमताचं निकालपत्र न्या. किरपाल यांनी लिहिलं, सरन्यायाधीश त्यांच्यासोबत होते. न्या. भरुचा यांनी वेगळं मत दिलं, आणि गंमत म्हणजे विद्यार्थी त्यांना वाचण्याआधीच 'आंदोलनाचे न्यायमूर्ती' करून टाकतात.

वाचलं की दिसतं, त्यांचा मुद्दा अगदी कागदी आहे, चांगल्या अर्थाने. १९८७ ची पर्यावरण मंजुरी देताना आवश्यक अभ्यास झालेलेच नव्हते. ते पुढे पूर्ण करायचे, अशा अटीवर मंजुरी दिली गेली. मग त्या मंजुरीला मंजुरी म्हणायचं कसं? म्हणून त्यांनी तज्ज्ञांच्या समितीकडून प्रकल्पाची नव्याने पर्यावरणीय तपासणी करायला सांगितलं, आणि तोवर काम थांबवायला. धरण वाईट आहे, असं ते कुठेही म्हणत नाहीत. ते म्हणतात, ज्याने ठरवायचं त्याने माहिती समोर ठेवून ठरवलं नाही.

बहुमताचं याच मुद्द्यावरचं उत्तरही शेजारी ठेवून वाचा. धरण म्हणजे प्रदूषण करणारा कारखाना नव्हे की अणुप्रकल्प नव्हे, तेव्हा तिथे लावायचा सावधगिरीचा नियम इथे तसाच लागू होत नाही, असा त्यांचा युक्तिवाद आहे. हे पटो न पटो, पण आता वाद कुठे आहे ते दिसतं: माहिती अपुरी असताना पुराव्याचा भार कुणावर? ही चर्चा दोन तास चालली तरी शिळी होत नाही. माझ्या मते भिन्नमताची ती थोडी पानं बहुमताच्या शेकडो परिच्छेदांपेक्षा जास्त शिकवतात, निदान युक्तिवाद कसा आवळून बांधावा हे तरी.

एक नियम मी वर्गात लावला होता, तो तुम्हीही लावून बघा: निकालाबद्दल काहीही म्हणायचं तर परिच्छेद क्रमांक सांगायचा. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-एससीआर या संकेतस्थळावर निकाल फुकट मिळतो, त्यामुळे सबब चालत नाही. हा नियम लागू झाल्यावर निम्मी भाषणं गळून पडली. उरली ती ऐकण्यासारखी होती.

भविष्यकाळातलं एक वाक्य

आता मुख्य गोष्टीकडे येते.

निकालपत्रात सगळी वाक्यं एका जातीची नसतात. काही वाक्यं कायदा सांगतात. उदाहरणार्थ, आदिवासींचं विस्थापन झालं म्हणजे आपोआप मूलभूत हक्काचा भंग झाला असं होत नाही, हे या निकालातलं वाक्य कायद्याचं आहे. ते बरोबर आहे की नाही हे तुम्ही अनुच्छेद २१ वरचे इतर निकाल समोर ठेवून ठरवाल. काही वाक्यं आदेश देतात: अमुक आठवड्यांत कृती आराखडा करा, राज्यांनी तक्रार निवारण प्राधिकरणाचं ऐकावं. काही नुसती जाताजाता म्हटलेली असतात. जनहित याचिकेचा वापर प्रसिद्धीसाठी होऊ नये, ही या निकालातली टिप्पणी त्यातली. परीक्षेत सगळ्यात जास्त उद्धृत होतात ती नेमकी हीच वाक्यं, हे आपलं दुर्दैव.

आणि चौथी जात आहे, जिच्याकडे विधीचे विद्यार्थी बघत नाहीत आणि समाजशास्त्राचे विद्यार्थी निकालपत्र उघडत नाहीत म्हणून त्यांना ती दिसत नाही. ही वाक्यं वस्तुस्थितीबद्दल असतात. बहुमताच्या निकालात असं म्हटलंय, की पुनर्वसनाच्या जागी विस्थापितांना त्यांच्या पाड्यांपेक्षा अधिक चांगल्या सोयी मिळतील, आणि मुख्य प्रवाहात हळूहळू मिसळल्याने त्यांची प्रगती होईल.

होईल. क्रियापद भविष्यकाळातलं आहे.

हे वाक्य कायद्याचं नाही. न्यायालयाने म्हटलं म्हणून ते खरं होत नाही, आणि न्यायालयाने म्हटलं म्हणून खोटंही होत नाही. ते कशावर उभं होतं? शपथपत्रांवर. अनुच्छेद ३२ च्या याचिकेत एरवी दिवाणी दाव्यासारखे साक्षीदार उभे करून उलटतपासणी होत नाही. राज्य सरकारं शपथपत्र देतात, याचिकाकर्ते त्याला उत्तर देतात, अहवाल जोडले जातात. जागतिक बँकेने नेमलेल्या मोर्स समितीचा १९९२ चा अहवालही होता, पण सरकारने तो स्वीकारलेला नाही म्हणून बहुमताने त्यावर भिस्त ठेवायची नाही असं ठरवलं. म्हणजे पुराव्याची निवडसुद्धा निकालात दिसते. संशोधकाने ती निवड नोंदवायची असते.

तर, २००० साली लिहिलेलं भविष्यकाळातलं वाक्य आता दोन तपं उलटून गेल्यावर आपल्यासमोर आहे. ते पुरावा नाही, गृहीतक आहे. तपासता येतं. आणि ते तपासायची सोय दिल्लीच्या विद्यापीठापेक्षा लोणखेड्याच्या मुलाला जास्त आहे. सातबारा कुणाच्या नावावर आहे, ताबा पावतीवर तारीख कोणती आहे, दिलेल्या जमिनीला पाणी आहे का, हे सगळं हाताशी आहे. निवाड्यात अट होती की पाणी येण्याआधी पुनर्वसन पूर्ण झालं पाहिजे, आणि पंचवीस टक्क्यांहून जास्त जमीन गेलेल्या कुटुंबाला किमान दोन हेक्टर ओलिताखाली येऊ शकणारी जमीन द्यायची. दोन तारखा शेजारी ठेवल्या की एक प्रश्न सुटतो: ताबा आधी की पाणी आधी?

कागद शोधणार असाल तर दोन बारीक गोष्टी. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला, त्याआधीचं सगळं धुळे जिल्ह्याच्या नावाने आहे. नंदुरबार शब्द टाकून शोधलंत तर पहिल्या दहा-बारा वर्षांचं काहीच सापडणार नाही आणि तुम्ही लिहून मोकळे व्हाल की माहिती उपलब्ध नाही. दुसरं, तालुका अक्राणी, त्याचं ठाणं धडगाव. कुठे एक नाव येतं, कुठे दुसरं. यादीत दोन वेगळे तालुके करू नका.

मुलाखती घ्याल तर मराठीत प्रश्न विचारून मराठीत उत्तर घेण्याची घाई नको. मराठीत विचारलं की सरकारी शब्दच परत येतात: लाभ, पुनर्वसन, घोषित, अघोषित. पावरीत किंवा भिलीत तोच माणूस नदीबद्दल, माशाबद्दल, सोडून आलेल्या देवाबद्दल बोलतो. ज्या जमिनीला कागदच नव्हता, नुसती पिढ्यान् पिढ्या कसली होती, ती सरकारी शब्दांत 'अतिक्रमण' होते. कुठल्या भाषेत विचारलं हे तुमच्या प्रबंधाच्या पद्धती-प्रकरणात लिहायचं असतं. बहुतेक जण लिहीत नाहीत.

वर्गात बसलेली माणसं

हा खटला या भागात शिकवताना एक जोखीम आहे, ती सांगायलाच हवी. त्या वर्गात एकाचं घर पुनर्वसन वसाहतीत होतं. आणखी दोघांची गावं अशी, की शेजारी वसाहत आल्यावर त्यांची चराईची जमीन गेली. दोघांच्याही घरी या विषयावर पक्कं मत आहे, आणि दोन्ही मतं एकमेकांच्या विरोधात आहेत. दोन्ही खरी आहेत.

अशा वेळी 'तुझ्या घरचा अनुभव सांग ना' असं कुणालाही सर्वांसमोर म्हणू नका. तो विद्यार्थी म्हणून आलाय, नमुना म्हणून नाही. मी भूमिका उलट्या वाटल्या. वसाहतीतल्या मुलाला राज्य सरकारचं शपथपत्र मांडायला दिलं, त्याला आधी विचारून. त्याने फार चांगलं मांडलं, आणि शेवटी एवढंच म्हणाला, "मॅडम, यात सगळ्या सोयी लिहिल्यात, कधी द्यायच्या ते नाही लिहिलं." परिच्छेद क्रमांकासह.

सगळ्यात चांगला प्रश्न मात्र मागच्या बाकावरून आला. लवादाच्या निवाड्यात कुटुंबाची व्याख्या आहे, त्यात प्रत्येक सज्ञान मुलगा वेगळं कुटुंब धरला आहे. एका मुलीने विचारलं, "आणि सज्ञान मुलगी?" व्याख्येत मुलगा आहे. मग पुढचं वाचायला घेतलं. २००५ मध्ये याच पक्षकारांचा दुसरा निकाल आला, मध्य प्रदेशातल्या विस्थापितांबद्दल. त्यात न्यायालयाने सज्ञान मुलांचा जमिनीचा हक्क मान्य केला आणि तात्पुरतं बुडणं नि कायमचं बुडणं असा भेद करून हक्क कापता येणार नाही असंही सांगितलं. विस्थापितांच्या दृष्टीने मोठा निकाल. पण मुलीचा प्रश्न तिथेही न्यायालयापुढे नव्हताच. न्यायालय जो प्रश्न विचारला जातो त्याचं उत्तर देतं. जो कुणी विचारलाच नाही, तो संशोधकाचा.

'आज हीच याचिका आली असती तर?' यावरही वाद रंगला, पण इथे जरा जपून. पेसा कायदा १९९६ चा, म्हणजे याचिका चालू असतानाच आलेला. वनहक्क कायदा २००६ चा. नवा भूसंपादन कायदा २०१४ च्या जानेवारीपासून. आणि २०१३ मध्ये ओडिशातल्या नियमगिरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने खाणीचा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवायला सांगितला, बाराच्या बारा ग्रामसभांनी नकार दिला. म्हणून कुणी लिहितं, की २००० चा नर्मदा निकाल 'रद्द' झाला. नाही झाला. नियमगिरीचा निकाल मुख्यतः वनहक्क कायद्यावर उभा आहे, जो २००० साली नव्हता. कायदा बदलला म्हणून उत्तर बदललं, की न्यायालयाची नजर बदलली म्हणून? हे दोन वेगळे दावे आहेत आणि त्यांना वेगळा पुरावा लागतो.

तिसऱ्या तासिकेनंतर काही जणांनी पेटसाठी प्रस्तावाचे विषय लिहून पाठवले. एक होता 'सरदार सरोवर प्रकल्पातील विस्थापितांच्या समस्या: एक अभ्यास'. याला कुणी हरकत घेणार नाही, आणि यातून काही निघणारही नाही, कारण समस्या आहेत हे आधीच ठरवून टाकलंय. दुसरा होता, 'शहादा तालुक्यातील एका पुनर्वसन वसाहतीत ताबा पावतीची तारीख आणि मूळ गावात पाणी शिरल्याची तारीख: लवादाच्या अटीशी तुलना'. शीर्षक अवघड, कुणाला आवडणार नाही कदाचित. मी त्याला कळवलंय की भिन्नमतही वाच, मूळ गावाचे कागद धुळ्याच्या नावाने माग, आणि तारखा सापडल्या नाहीत तर कुठल्या कार्यालयात, कुठल्या दप्तरात शोधल्या ते लिहून ठेव.